बोट लागणे

आमच्या मंडळाची पर्युषणानंतरची सहल ठरलेली असते. श्रवणबेळगोळ, नाहीतर कुंभोज-बाहुबली, फार तर कुंथलगिरी. यंदा बैठकीत एका सूनबाईनं मोबाईलच पुढं केला. "आक्का, मुंबई ते गोवा क्रूझ. जैन जेवण मिळतंय बघा. कांदा नाही, लसूण नाही, बटाटासुद्धा नाही." बायकांत एकच गलका झाला. कुणी म्हणालं, अहो, गोवा आपल्या बेळगावापासून तीन तासांवर, त्यासाठी मुंबईला जायचं आणि समुद्रातून परत यायचं, हा कुठला शहाणपणा? सूनबाई म्हणाली, "गोव्याला कोण चाललंय ओ? बोटीला चाललोय आपण."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आजवर बोटीत बसणारा प्रत्येक जण कुठंतरी जायला बसत होता. आता बोट हेच जायचं ठिकाण झालंय. हा बदल कधी आणि कसा झाला, याचा मी शोध घेऊ लागले.

आमच्या शेजारी वेंगुर्ल्याच्या काकू राहतात, वय ऐंशीच्या पुढं. जैन नव्हेत, पण आमच्या मंडळाच्या हळदीकुंकवाला पहिला मान त्यांचा. त्यांना विचारलं, येता का बोटीनं? त्या हसल्या. "माका बोट लागता गो." मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, "वेंगुर्ल्याक थांबता काय गो ती?"

नाही थांबत. मुंबई सोडली की गोवाच.

मराठीत 'बोट लागणे' याचे दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते, म्हणजे पोहोचते. आणि बोट माणसाला लागते, म्हणजे पोटात ढवळतं, उलट्या होतात. काकूंच्या लहानपणी दोन्ही अर्थ एकाच प्रवासात अनुभवाला यायचे.

बेळगावच्या आपल्या बायकांना आज सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण वेंगुर्लं हे एके काळी बेळगावचं बंदर होतं. सतराव्या शतकात तिथं डचांची वखार होती, ती पडकी इमारत अजून उभी आहे. 1812 मध्ये सावंतवाडीकरांकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं. 1818 मध्ये बेळगावचा किल्लाही त्यांनी घेतला आणि इथं लष्करी छावणी पडली. छावणीला लागणारी माणसं, दारूगोळा, सामान मुंबईहून यायचं ते समुद्रानं वेंगुर्ल्यापर्यंत आणि तिथून घाट चढून वर. आधी रामघाटातून, मग आंबोलीच्या घाटातून रस्ता झाला. उलट दिशेनं आपल्या भागातला कापूस बैलगाड्यांनी घाट उतरायचा आणि वेंगुर्ल्याला गलबतात चढायचा. खाली कापूस, वर मीठ आणि नारळ, अशी ही ये-जा होती. आपल्या पेठांतल्या जुन्या व्यापारी घराण्यांच्या वह्या कुणी जपल्या असतील तर त्यांत वेंगुर्ल्याचं नाव सापडायला हरकत नाही.

मग रेल्वे आली. 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला आणि त्यातून मुरगाव बंदर आणि तिथून घाट चढून कॅसलरॉकला येणारी रेल्वे उभी राहिली. 1880 च्या दशकाच्या अखेरीस गाड्या धावू लागल्या. एका गाडीत शेकडो बैलगाड्यांचा माल मावू लागल्यावर आंबोलीचा घाट कोण चढणार? बेळगावनं वेंगुर्ल्याचा हात सोडला आणि मुरगावचा धरला. यात वाईट कुणाचं मन नव्हतं. व्यापाराची वाट बदलली, एवढंच. पण वाट बदलली की वाटेवरचं गाव मागं पडतं, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढं पुन्हा येणार आहे.

माल गेला तरी माणसं वेंगुर्ल्याच्या धक्क्यावर येतच राहिली, कारण मुंबईला जायला दुसरा सोयीचा मार्गच नव्हता. कोकणातल्या घराघरांतून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत, गोद्यांत, बिऱ्हाडांत गेले, ते आगबोटीनं. भाऊच्या धक्क्यावरून बोट सुटायची. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्या नावाचा तो धक्का. बोट जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं अशी बंदरं घेत खाली यायची. बहुतेक ठिकाणी ती किनाऱ्याला लागायचीच नाही. खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव नाहीतर होड्या तिच्याकडे जायच्या. काकू सांगतात, होडी लाटेवर वर आली की खलाशी आईच्या हातातलं पोर उचलून वर द्यायचा, आणि पुढच्या लाटेला आई. बायका नऊवारीचा काष्टा घट्ट करून त्या शिडीवर पाय ठेवायच्या. डेकवर चटई अंथरायची, ट्रंक उशाला घ्यायची आणि लिंबू नाकाशी धरून पडून राहायचं.

पावसाळ्यात बोट बंद. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र आपला नाही, असं किनाऱ्यावरची माणसं धरूनच चालायची. त्या महिन्यांत मनीऑर्डर येई, पण माणूस येत नसे. कोकणातल्या बाईचं वर्ष असं बोटीच्या वेळापत्रकावर बेतलेलं होतं. समुद्राचा इतिहास लिहिताना आपण आंग्र्यांची गलबतं मोजतो, तोफा मोजतो. अंगणात उभं राहून भोंगा ऐकणाऱ्या बाईला त्यात जागा नसते.

या बोटी बहुतेक इंग्रजी कंपनीच्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशनचं या किनाऱ्यावर राज्य होतं. स्वदेशीच्या काळात आपल्या माणसांनी एक सहकारी कंपनी काढली. लोक तिला प्रेमानं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. तिनं बोटींना संतांची नावं दिली. हेतू साधा होता: तुकाराम नावाच्या बोटीत बसायला कोकणातली म्हातारी घाबरणार नाही. पण समुद्र नाव वाचत नाही. 11 नोव्हेंबर 1927 रोजी वादळात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी एकाच दिवशी गेल्या. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्य महिन्याभरावर आलेलं असताना, 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्या होती, चाकरमानी घरी चालले होते. काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. बोटीवर बिनतारी संदेशाचं यंत्र नव्हतं. रेवसला वाट पाहणाऱ्यांना वाटलं, बोट उशिरा येतेय.

आता तुम्ही म्हणाल, यात आपण कुठं? आपण घाटावरची माणसं, आपला आणि समुद्राचा काय संबंध? संबंध जुना आहे. सिद्धचक्र विधानात आपण दरवर्षी श्रीपाल-मैनासुंदरीची कथा ऐकतो. त्यात श्रीपाल धवल शेठजीच्या जहाजावर जातो, रयणमंजुषा त्याला भेटते, आणि धवल शेठ त्याला समुद्रात ढकलून देतो. कथा ऐकताना आपलं लक्ष नवकार मंत्राच्या महिम्याकडे असतं, ते योग्यच. पण जरा कान देऊन ऐकलं तर त्यात जैन व्यापाऱ्यांच्या जहाजांचा ताफाच दिसतो. आणि उज्जैनीत वाट पाहणारी मैनासुंदरीही दिसते. ती कोकणातल्या बाईपेक्षा वेगळी नव्हती.

दुसऱ्या बाजूला श्रावकाला दिग्व्रत सांगितलंय. कोणत्या दिशेला किती दूर जायचं याची मर्यादा घालून घ्यायची, म्हणजे हाव आणि हिंसा दोन्ही आवरतात. पुढं यातूनच समुद्रपार जाणं म्हणजे पाप, अशी समजूत समाजात घट्ट झाली. 1893 मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना आलं. मुनी वाहनात बसत नाहीत, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधी यांना पाठवलं. वीरचंदांनी परदेशात आपला आहार-आचार सांभाळला, जैन धर्म जगासमोर मांडला, आणि परत आल्यावर आपल्याच समाजातल्या काहींनी त्यांना वाळीत टाकायची भाषा केली. आज त्याच समाजातल्या बायका बोटीवर जैन जेवणाचा काउंटर आहे का ते विचारतात. मला याचा आनंद वाटतो. आपण मोकळ्या झालो. पण मर्यादेचं व्रत आपण सोडलं की त्याचा नुसता भाजीपुरता अर्थ ठेवला, हा प्रश्नही मनात येतो.

आणखी एक बोट सांगते. सोलापूरचे वालचंद हिराचंद आपलेच. 1919 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एक जहाज घेतलं, तेही एका मराठी संस्थानिकाकडून. ग्वाल्हेरच्या माधवराव महाराज शिंद्यांनी पहिल्या महायुद्धात जखमी हिंदी सैनिकांसाठी ते रुग्णालय-जहाज म्हणून विकत घेतलं होतं. नाव ठेवलं होतं 'लॉयल्टी'. 5 एप्रिल 1919 रोजी 'लॉयल्टी' मुंबईहून इंग्लंडला निघालं आणि वालचंद स्वतः त्यावर होते. कंपनीचं नावही शिंद्यांवरूनच 'सिंदिया' पडलं. त्या दिवसाची आठवण म्हणून आजही 5 एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतात. इंग्रज कंपन्यांनी मात्र त्यांना सुखानं चालू दिलं नाही. भाडी पाडली, आणि 1923 च्या करारात सिंदियाला किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीत बांधून टाकलं. भारतीय बंदरांतून भारतीय माल भारतीय जहाजानं न्यायचा, एवढ्यासाठी इतकी वर्षं भांडावं लागलं. वालचंदांना समुद्र मौजेसाठी नको होता, हक्कासाठी हवा होता.

या 'लॉयल्टी'चं मूळ नाव काय होतं ठाऊक आहे? 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. हे नाव ध्यानात असू द्या.

स्वातंत्र्यानंतर मुंबई-गोवा बोटीला पुन्हा बहर आला तो 1961 मध्ये गोवा मुक्त झाल्यावर. 'कोंकण सेवक', 'कोंकण शक्ती' ही नावं आपल्या आईच्या पिढीला तोंडपाठ. एक दिवस आणि एक रात्र, सकाळी पणजीच्या धक्क्यावर. त्या डेकवर एकीकडे भाकरी-चटणी सोडून बसलेली कोकणी कुटुंबं आणि दुसरीकडे गिटार घेतलेले लांब केसांचे गोरे हिप्पी. दोघांचं तिकीट एकाच दराचं. मग महामार्ग सुधारला, एसटी गावोगाव पोहोचली, आणि 1980 च्या दशकाच्या शेवटी ही बोट बंद पडली. 1994 मध्ये एका कंपनीनं वेगवान कॅटामरान आणली, तीही टिकली नाही. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण खुली झाली आणि बोटीचं नाव काढायचं कारणच उरलं नाही. रेल्वेनं कोकणाचं भलंच केलं. पण बंदरांचं काय? ती धक्क्यावरची गोदामं, तिकीटघरं, होडीवाले, हमाल? बेळगावनं जसं वेंगुर्लं सोडलं, तसं मुंबईनं आता सगळा किनाराच सोडला.

आणि मग बोट परत आली. 2018 च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'अंग्रिया' मुंबई-गोवा धावू लागली. 2021 च्या सप्टेंबरात 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' आली. पुन्हा एम्प्रेस! या बाईचा जन्म फ्रान्सचा. 1990 मध्ये ती 'नॉर्डिक एम्प्रेस' या नावानं कॅरिबियन समुद्रात उतरली. तीन-चार रात्रींच्या छोट्या सहलींसाठीच तिची रचना केलेली होती. मायामीहून निघायचं, बहामाला टेकायचं आणि परत. आयुष्याचा मोठा भाग तिकडच्या पाण्यात काढून ती आपल्या किनाऱ्यावर आली. मग मला वाटलं, आपल्याकडे येण्याआधी क्रूझनं त्या किनाऱ्यांचं काय केलं ते बघावं.

कॅरिबियन म्हणजे छोट्या-छोट्या बेटांचा उष्ण समुद्र. साखरेच्या मळ्यांसाठी आफ्रिकेतून गुलाम आणि नंतर हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर याच बंदरांत उतरवले गेले. साखर गेली, केळी आली. अमेरिकेची फळांची कंपनी केळी न्यायला बोटी पाठवायची, आणि त्याच बोटींवर हौशी प्रवासीही घ्यायची. आजच्या क्रूझची एक आजी ही केळ्यांची बोट. पुढं माणसं विमानानं जाऊ लागली, मोठी प्रवासी जहाजं रिकामी पडली, आणि 1966 पासून मायामीहून नियमित सहली सुरू झाल्या. नासाऊसारख्या बंदरात आज सकाळी एकामागून एक जहाजं लागतात, हजारो माणसं उतरतात, टोप्या आणि शंख घेतात आणि संध्याकाळी परत जातात. जेवण, झोप, नाच, दुकानं, जुगार, सगळं जहाजावर. गावाच्या वाट्याला चार-सहा तास.

पुढं तेही नको झालं. 1977 मध्ये एका क्रूझ कंपनीनं बहामातलं एक छोटं बेटच घेतलं. 1986 पासून हैतीच्या किनाऱ्यावरचा लाबाडी हा भाग दुसऱ्या कंपनीनं भाड्यानं घेतला, भोवती कुंपण घातलं. आत पर्यटक, बाहेर हैती. जहाज बंदराला लागतं, पण त्या देशाला लागत नाही. सगळ्यांनीच हे मुकाट्यानं सोसलं असंही नाही. अमेरिकेच्या की वेस्ट बेटावरच्या लोकांनी नोव्हेंबर 2020 मध्ये मतदान करून मोठ्या जहाजांना मर्यादा घातली. पुढच्या वर्षी फ्लोरिडा राज्यानं ती रद्द केली. गावानं दिग्व्रत घेतलं आणि राज्यानं ते मोडलं, असंच म्हणायला हवं.

आपल्याकडेही आता तयारी जोरात आहे. 2024 च्या सप्टेंबरात सरकारनं 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केलं. पाच वर्षांत क्रूझचे प्रवासी दुप्पट करायचे आहेत. मुंबईत बॅलार्ड पिअरला नवं टर्मिनल झालंय. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, आपल्या जुन्या मुरगावला. तिथं दुसऱ्या धक्क्यांवर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांचा दगडी कोळसा उतरतो, तो कॅसलरॉक, लोंढा करत आपल्याच जिल्ह्यातून पुढं जातो, आणि वास्कोच्या बायका वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी धूळ झटकतात. या बायकांनी कोळशाविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवलाय. एकाच बंदरात एका धक्क्यावर स्वागताचे हार आणि दुसऱ्यावर कोळसा.

जहाजावर काम करणारे हातही गोव्याचेच पुष्कळ. गोव्यात त्यांना तारवटी म्हणतात. पिढ्यान् पिढ्या हे लोक जगाच्या बोटींवर स्वयंपाकी, वाढपी, खलाशी. 2020 च्या टाळेबंदीत कितीतरी तारवटी परक्या समुद्रात अडकले आणि त्यांच्या घरच्या बायका पुन्हा एकदा वाट बघत बसल्या. म्हणजे बघा, मौजेच्या बोटीच्याही मागं वाट बघणारी बाई आहेच. ती फक्त डेकवरून दिसत नाही.

हे सगळं वाचल्यावर मी सहलीला गेले नाही असं तुम्हाला वाटेल. गेले की! आम्ही चौदा जणी गेलो. खोटं कशाला बोलू, मजा आली. सूर्यास्ताआधी आमच्या जेवणाची सोय झाली. वाढणारा मुलगा साळगावचा होता, त्यानं आम्हाला 'आई' म्हणून हाक मारली. डेकवर वारा असा, की पदर सांभाळता सांभाळता सगळ्या हसून बेजार.

रात्री मला झोप लागेना. वर येऊन कठड्याशी उभी राहिले. पूर्वेला, खूप दूर, दिव्यांची एक ओळ होती. रत्नागिरी असेल, जयगड असेल. सूनबाईही आली. मी तिला बोटांवर मोजून बंदरं सांगितली: जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं. ती म्हणाली, "यातलं एकही मी बघितलं नाही, आक्का." मी म्हटलं, मीही नाही. मालवणला एकदा गेलेय, तेही गाडीनं.

मग आम्ही तिथंच ठरवलं. पुढच्या वर्षीची सहल आंबोलीच्या घाटानं खाली, वेंगुर्ल्याला. बेळगावचा कापूस ज्या रस्त्यानं गेला त्याच रस्त्यानं. तिथल्या बायकांच्या हातचं जेवायचं (कांदा-लसूण नको म्हणून आधी कळवायचं), काजू आणि कोकम त्यांच्याकडूनच घ्यायचं, आणि रात्री गावातच राहायचं. सहलीचा पैसा ज्या गावाला बघायला जायचं त्याच गावात उतरला पाहिजे, एवढा एक नियम मंडळाच्या वहीत लिहून टाकला. दिग्व्रताचा आमच्यापुरता हा नवा अर्थ.

परत आल्यावर काकूंना हे सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "मगे, बोट लागली काय?" मी म्हटलं, लागली नाही काकू, अगदी स्थिर होती. त्या जरा हिरमुसल्यासारख्या झाल्या. मग म्हणाल्या, वेंगुर्ल्याला येईन मी तुमच्याबरोबर. धक्क्यावर उभी राहून दाखवीन, होडी कुठून सुटायची ती.